पाण्यातले तास मोजा

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून कोपर्निकस मार्गाला वळलं की दूरदर्शन भवन लागतं. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांचं या इमारतीशी जुनं नातं आहे, त्यांना ते ठाऊक असो वा नसो. 'रोबोकॉन' या यंत्रमानव स्पर्धेची भारतातली फेरी दूरदर्शन भरवायचं आणि ती वर्षानुवर्षं पुण्याच्या बालेवाडीत व्हायची. २००८ आणि २०१४ साली तर आंतरराष्ट्रीय रोबोकॉनच पुण्यात आली होती. त्या मैदानासाठी रात्री जागवून यंत्रमानव बनवणाऱ्या कितीतरी मुलांनी पुढे पाण्याखालच्या स्पर्धांकडे मोर्चा वळवला. आजही वळवतात. आणि बहुतेक सगळे पहिल्या वर्षी एकच चूक करतात. त्यांना वाटतं, पाण्याखालचा रोबो म्हणजे जमिनीवरचाच रोबो, फक्त वॉटरप्रूफ डब्यात घातलेला.

जमिनीवरचा रोबो बिघडला की जागच्या जागी उभा राहतो. तुम्ही धावत जाता, तार हलवता, तो चालू लागतो. पाण्यातला रोबो बिघडला की दिसेनासा होतो. वायफाय पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, जीपीएस तर पृष्ठभागाखाली लगेच संपतं. म्हणजे तो नेमका काय करतोय हे विचारायची सोयच नाही. त्यामुळे एखादा संघ सल्ला मागायला आला की मी थ्रस्टर (यान ढकलणारे पंखे) किती, कॅमेरे किती, हे विचारत नाही. विचारतो, "पाण्यात किती तास झाले?" उत्तर दहाच्या आत असेल तर बाकी चर्चा नंतर करू म्हणतो. या लेखात जे काही सांगतोय ते सगळं हे तास वाढवण्यासाठी, किंवा मिळालेले तास फुकट जाऊ नयेत म्हणून.

कुठली स्पर्धा?

आधी तारीख बघा, मग बक्षीस. अमेरिकेतली 'रोबोसब' १९९८ पासून चालू आहे आणि ती उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास असते. तिथलं यान स्वयंचलित असावं लागतं, दोरी नाही, रिमोट नाही. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचं 'मत्स्य' हे यान याच स्पर्धेतलं, आणि २०१६ साली त्या संघाने तिथे दुसरा क्रमांक मिळवला. (समुद्रयान मोहिमेतली 'मत्स्य ६०००' ही माणसं घेऊन जाणारी पाणबुडी वेगळी. ती चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेची. भाषण करताना पाहुणे हमखास घोळ करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.) दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचा संघही रोबोसबला जाऊन आला आहे. सिंगापूरची स्पर्धा २०१३ पासून भरते. ती पोहण्याच्या तलावात होते, खर्च आवाक्यातला असतो आणि पहिल्यांदा स्वयंचलित यान घेऊन जाणाऱ्यांना मी तीच सुचवतो. 'मेट' ही तिसरी. तिथे यानाला टेदर म्हणजे वर येणारी केबल असते आणि काठावर बसलेला विद्यार्थी ते चालवतो. शाळकरी मुलांसाठीही तिथे गट आहेत. घरच्या अंगणात चेन्नईच्या त्याच संस्थेने विद्यार्थ्यांसाठी 'सेव्ह' नावाची स्पर्धा भरवली आहे.

नवखा संघ असेल तर पहिलं वर्ष टेदरवालं यान करा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वयंचलिततेचं आकर्षण मोठं असतं हे कळतं. पण ज्यांना डबा कोरडा ठेवता येत नाही त्यांनी न्यूरल नेटवर्कच्या गप्पा मारू नयेत.

पाणी कुठून आणायचं?

सिंगापूरची स्पर्धा साधारण मार्च-एप्रिलमध्ये असते, म्हणजे खरी चाचणी हिवाळ्यात. दिल्लीतल्या संघांचं इथेच अडतं, कारण तिथले उघडे तलाव थंडीत बंद असतात. महाराष्ट्रात थंडीची अडचण नाही. आपल्याकडे मार्चनंतर दुष्काळ असला की तलाव बंद होतात. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे तुमचे सोन्याचे दिवस. कॉलेजचा तलाव नसेल तर गावातल्या क्लबकडे किंवा एखाद्या सोसायटीकडे प्राचार्यांचं पत्र घेऊन जा आणि शेवटच्या बॅचनंतरचा तास मागा. तिथल्या जीवरक्षकाशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. पुढचे चार महिने तुमची भिस्त प्राचार्यांच्या पत्राइतकीच त्याच्या मर्जीवर असते.

खेड्यातल्या मुलांकडे शहरातल्यांपेक्षा जास्त पाणी आहे, फक्त ते तसं बघत नाहीत. दहा मीटर खोल विहीर म्हणजे फुकटची दाबचाचणी. रिकामा डबा, आत फक्त टिश्यू पेपर, बाहेर दोरीने बांधलेला दगड. अर्धा तास तळाशी सोडा, वर काढा, कागद बघा. कागद कुठे ओला झाला यावरून पाणी कुठून आलं तेही कळतं. दहा मीटरवर वातावरणाच्या दाबाइतका जादा दाब असतो. स्पर्धेचा तलाव सहसा त्याच्या निम्माही खोल नसतो, म्हणजे विहिरीत टिकलेला डबा स्पर्धेत टिकेल असं धरायला हरकत नाही.

शेततळंही उत्तम. लांबी-रुंदी भरपूर, गर्दी नाही, आणि गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा झाल्यावर काय करायचं ते तिथेच शिकायला मिळतं. पण प्लास्टिकच्या अस्तराचं शेततळं हा सापळा आहे. उतारावरून घसरलेल्या माणसाला ओल्या प्लास्टिकवर पाय रोवता येत नाही. पट्टीचे पोहणारेही तिथे बुडाले आहेत. काठावर गाठी मारलेला दोर दोन ठिकाणी पाण्यापर्यंत सोडलेला असल्याशिवाय आणि पाण्याजवळ जाणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय यान पाण्यात सोडूच नका. एकट्याने कधीच जाऊ नका. पवई तलाव आयआयटीच्या कुंपणाला लागून आहे, पण तिथे मगरी आहेत, तेव्हा तो मोह तिथल्या मुलांनीही टाळावा.

आणखी एक. यान फक्त स्वतःच्या बॅटरीवर चालवा. लॅपटॉपचा चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, सोल्डरिंग गन हे सगळं पाण्यापासून किमान तीन-चार मीटर लांब, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या आरसीसीबीमागे. ओल्या पायांनी बोर्डाला हात लावणारा एक मुलगा प्रत्येक संघात असतो. तो कोण आहे ते ओळखा आणि त्याला दुसरं काम द्या.

डबा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गणित सोपं आहे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर. पाच मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो जादा दाब. म्हणजे झाकणावर साधारण ८८ किलो, एक धिप्पाड माणूस उभा राहिल्यासारखं. हा दाब झाकण आत ढकलतो, म्हणजे खरं तर तो तुमच्या बाजूने असतो, फक्त ओ-रिंगची खाच नीट कापलेली हवी. खाचेची मापं ओ-रिंगच्या तक्त्यातून घ्या आणि लेथवाल्याला कागदावर द्या. "दादा, एवढीशी" असं बोटाने दाखवून खाच होत नाही.

ओ-रिंगला बोटाच्या पेरावर मावेल इतकंच सिलिकॉन ग्रीस. काळ्या नायट्राइल रिंगला ते चालतं, सिलिकॉनच्या रिंगला चालत नाही, ती फुगते. बसवण्याआधी रिंगवरून डोळे मिटून बोट फिरवा, कण किंवा केस असेल तर बोटाला लगेच कळतं. आमच्या पहिल्या यानात एका लीकचा शोध घेण्यात आम्ही दोन रात्री घालवल्या. एपॉक्सी उकरला, पेनिट्रेटर (केबल डब्यात आणणारे जोड) बदलले. शेवटी सापडला तो झाकणाखाली अडकलेला एक केस. कुणाचा, यावरून अजून वाद होतो.

अॅक्रिलिकची नळी वापरत असाल तर ती कधीही अल्कोहोलने पुसू नका. बारीक तडे जातात आणि ते आठवडाभराने दिसतात. साबण-पाणी पुरे. सांधे भरायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सर्किटजवळ नको, त्याची वाफ तांब्याला गंज आणते. आणि केबलचं टोक उघडं ठेवू नका. बाहेरच्या आवरणाला खरचटलं तर पाणी तारेच्या धाग्यांमधून वातीसारखं सरकत थेट डब्यात येतं. झाकण कोरडं, ओ-रिंग कोरडी आणि आत मात्र तळं, असा चमत्कार याच वाटेने घडतो.

पाण्यात सोडण्याआधी दर वेळी, न चुकता, व्हॅक्यूमची चाचणी. दुचाकीच्या गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढायचा हातपंप असतो, मीटर लावलेला. तो डब्याला जोडून पाऱ्याच्या १० इंचांपर्यंत हवा खेचा. हा सुमारे साडेतीन मीटर खोलीइतका दाब झाला. पंधरा मिनिटं थांबा. काटा जागेवर राहिला तर चला, हलला तर घरी. "आज थोडाच हललाय" असं म्हणणारा एक जण असतो, त्याचं ऐकू नका.

तोलाचं काम बाकी राहतं. बंद केल्यावर यान आपणहून हळूहळू वर आलं पाहिजे, आणि बाहेरून पोहणाऱ्याला दाबता येईल असा किल स्विच हवा. स्पर्धांचे नियम या दोन्ही गोष्टींबाबत कडक असतात. वजन जुळवायला शिसं वापरा, तरंगायला घट्ट फोम. पॅकिंगमधलं थर्माकोल खोलीवर दबतं आणि तोल बिघडवतं. समुद्रात चाचणी केली असेल तर तलावात नव्याने तोल साधावा लागेल. ३० लिटर पाणी सारणारं यान गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा सुमारे पाऊण किलोने कमी उचललं जातं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बनवलेल्या 'माया' या यानालाही या हिशेबातून सुटका नव्हती, तुम्हालाही नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. सपाट काचेतून पाण्यात बघताना वस्तू खऱ्या अंतराच्या साधारण तीन-चतुर्थांशावर दिसते, त्यामुळे कॅलिब्रेशन पाण्यातच करा, टेबलावर केलेलं कामाचं नाही. लाल रंग सगळ्यात आधी मरतो. पिंगरच्या, म्हणजे पाण्यात ठरावीक आवाज सोडणाऱ्या यंत्राच्या, आवाजाचा माग काढत असाल तर लक्षात घ्या, पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे ३० किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी ५ सेंटिमीटर. पाण्यात ऐकणाऱ्या दोन हायड्रोफोनमधलं अंतर त्याच्या निम्म्याहून जास्त झालं की दिशा दोन-दोन निघतात. हे काम एकाच माणसाला द्या आणि त्याला ऑक्टोबरपासून दुसऱ्या कशाला हात लावू देऊ नका.

अहवाल कोण लिहिणार?

बहुतेक संघांत अहवाल लिहायचं काम शेवटच्या आठवड्यात, ज्याचं मराठी-इंग्रजी बरं आहे त्याच्या गळ्यात पडतं. इथे मला अॅरिझोनातली गोष्ट सांगावीशी वाटते. २००४ साली सांता बार्बरा इथे झालेल्या मेट स्पर्धेत फीनिक्सच्या कार्ल हेडन या सरकारी शाळेतली चार मुलं उतरली. मेक्सिकोतून आलेल्या स्थलांतरित घरांतली, अमेरिकेत राहायची कागदपत्रं नसलेली. यान पीव्हीसी पाइपचं, खर्च सुमारे ८०० डॉलर, आणि डिंकाचा वास येतो म्हणून नाव 'स्टिंकी'. समोर एमआयटीचा संघ, पाठीशी एक्सॉनमोबिलसारखी कंपनी. स्पर्धेआधीच्या चाचणीत डब्यात पाणी शिरलं. वेळ नव्हता. त्यांनी दुकानातून टॅम्पॉन आणले आणि ते पाणी शोषून घ्यायला डब्यात ठेवले. ही मुलं एमआयटीला मागे टाकून पहिली आली.

लोक टॅम्पॉनची गोष्ट सांगतात, सिनेमाही निघाला. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांना रचनेचं आणि तांत्रिक लेखनाचंही बक्षीस मिळालं होतं. परीक्षकांपुढे उभं राहिल्यावर आपण हे असंच का केलं ते त्या मुलांना सांगता येत होतं. हे शेवटच्या आठवड्यात येत नाही. म्हणून एक जाड वही करा. प्रत्येक डुबकीला एक पान. तारीख, पाणी कुठलं, किती मिनिटं, काय बिघडलं, कुणी काय बदललं. फेब्रुवारीत या वहीतूनच अहवाल निघतो. पाण्यातले तास किती झाले याचा पुरावाही तीच.

दिल्लीची फेरी

परदेशी स्पर्धा ठरली की कधीतरी दिल्ली गाठावी लागते, बहुधा प्रायोजकत्वासाठी किंवा कागदपत्रांसाठी. सरकारी पाठबळ मागायचं तर भूविज्ञान मंत्रालय लोधी रोडला पृथ्वी भवनात आहे. मंत्रालयापर्यंत मेल पोहोचतात, पण छापील अहवाल आणि छोटासा व्हिडिओ घेऊन वेळ ठरवून गेलेल्यांचं म्हणणं जास्त नीट ऐकलं जातं. मुक्कामाला कोपर्निकस मार्गावरचं जुनं महाराष्ट्र सदन मनात असेल तर आरक्षणाचे नियम आधी विचारा, खोली मिळेलच असं धरून निघू नका. मंडी हाउसचं मेट्रो स्थानक जवळ आहे आणि तिथली जांभळी मार्गिका मंत्रालय आणि सुटे भाग, या तुमच्या दोन्ही कामांची. एका दिशेला खान मार्केट आणि जवाहरलाल नेहरू स्टेडियम, म्हणजे लोधी रोडच्या बाजूला. दुसऱ्या दिशेला लाल किल्ला, म्हणजे समोरचं लाजपतराय मार्केट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत न मिळालेला कनेक्टर तिथे सापडू शकतो. भाव करा.

कोपर्निकस मार्गाहून मंडी हाउसचा चौक ओलांडला की तानसेन मार्ग. तिथल्या फेडरेशन हाउसमध्ये फिक्कीचं मुख्यालय आहे, आणि भारतात 'एटीए कार्ने' देण्याचं काम फिक्कीकडे आहे. कार्ने म्हणजे तुमच्या यानाचा पासपोर्ट समजा. माल परत आणायच्या बोलीवर जकात न भरता परदेशात न्यायचा, मुदत एक वर्षापर्यंत. सिंगापूर, अमेरिका, नॉर्वे हे सगळे देश तो मानतात, पण कुठल्या कारणासाठी मानतात हे देशागणिक बदलतं, ते फिक्कीला विचारून घ्या. तारणाची रक्कम द्यावी लागते, त्यासाठी कॉलेजच्या लेखा विभागाला आधीच तयार करा. मालाच्या यादीत प्रत्येक थ्रस्टर, प्रत्येक बोर्ड, त्याचा क्रमांक, वजन, किंमत. एपॉक्सी, ग्रीस अशा संपणाऱ्या वस्तू त्यात घालू नका. आणि जाताना व येताना, दोन्ही देशांत, चारही वेळा, कस्टमचा शिक्का. पहाटे तीनला विमानतळावर शिक्क्याचं टेबल रिकामं दिसलं म्हणून पुढे निघून गेलेला संघ मी पाहिलाय. त्यांचं यान परत आलं, पण ते परत आल्याचं पटवून देण्यात पुढचे सहा महिने गेले. कार्ने जमत नसेल तर निदान निघताना कस्टमला सामान दाखवून तसा दाखला घ्या, येताना कामी येतो.

बॅटरीचा हिशेब तिकीट काढण्याआधी करा, डिझाइन करतानाच केलात तर उत्तम. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. १०० वॉट-तासांपर्यंत बॅटरी केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची लेखी परवानगी लागते आणि माणशी दोनच, त्यावर प्रवासी विमानात नाहीच. १४.८ व्होल्टची १० अँपिअर-तासांची लाईपो १४८ होते, परवानगीने जाते. १६ अँपिअर-तासांची २३७ च्या आसपास, ती राहिली घरी. सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. टोकांना टेप, प्रत्येकीला वेगळी पिशवी, आणि सगळ्या एकाच्या बॅगेत न घालता संघात वाटून.

तलावाच्या काठावर

स्पर्धेच्या जागी सरावासाठी मिळणारा वेळ ठरलेला आणि थोडा असतो. त्यात नवा कोड टाकायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. तुमच्या तलावात चालणारा कोड घेऊन जा आणि तिथे फक्त तीन गोष्टी बदला: तोल, कॅमेऱ्याचे रंग, होकायंत्र. होकायंत्र विशेषतः, कारण तलावाच्या भिंतीतलं लोखंड प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि थ्रस्टरच्या तारा त्याला भुलवतात. रोबोसब अनेक वर्षं सॅन दिएगोच्या ज्या नौदलाच्या तलावात झाली तिथलं पाणी हिरवट आणि धूसर. निळ्याशार तलावात सराव करून गेलेल्यांना पाण्याखाली उभारलेल्या दाराचे खांबच दिसत नसत. शेततळ्यात घालवलेले तास अशा वेळी उपयोगी पडतात.

एकच जण बोलणार, एकच जण बटण दाबणार, हे आधी ठरवा. सर किंवा मॅडम सोबत असतील तर त्यांना काठापासून दोन पावलं मागे खुर्ची द्या, प्रेमाने. आणि आधी सोपं काम पुरं करा. दारातून सरळ जाण्याचे गुण टॉर्पेडो सोडण्यापेक्षा कमी असतील, पण ते मिळाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही.

परत आल्यावर लगेच झोपू नका, ही कामं आधी. यान गोड्या पाण्याने धुवा, ओ-रिंग काढून सैल ठेवा, बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर आणा. कार्नेची शिक्के मारलेली पानं फिक्कीला परत करा आणि तारण सुटल्याचं पत्र कॉलेजच्या लेखा विभागात देऊन पोच घ्या. वही दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे द्या, पहिल्या पानावर एकूण तास लिहून.